बंदरें मोजणारे प्रवासी

परदेशचा प्रवास ही आमच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत आतां अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाहीं. सेवानिवृत्त पतिपत्नी, विवाहाचा पंचविसावा वाढदिवस साजरा करूं इच्छिणारीं जोडपीं, परदेशीं स्थायिक झालेल्या मुलांनीं आग्रहानें बोलावून घेतलेले आईबाप, असे कितीतरी लोक दरवर्षीं भूमध्यसमुद्रावरील जलपर्यटनास निघतात. या जलपर्यटनाला लहानथोर सर्वच आतां 'क्रूझ' म्हणूं लागले आहेत. आम्हांस याचा आनंदच आहे. ज्या समाजांत एके काळीं समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्यावें लागे, त्या समाजांतील आजी नातवंडाचा हात धरून नेपल्सच्या धक्क्यावर उतरते, हें दृश्य कोणासही आवडेल. तेव्हां आमचा वाद प्रवासाशीं नाहीं, जहाजाशीं नाहीं, आणि खर्चाशींही नाहीं. आमचा वाद आहे तो बंदरें निवडण्याची जी एक रीत आमच्यांत रूढ होऊन बसली आहे तिच्याशीं.

ही रीत कोणती? दोन सहल-कंपन्यांचीं माहितीपत्रकें शेजारीं शेजारीं मांडावयाचीं. एकींत सात दिवसांत चार बंदरें, दुसरींत सहा. भाडें जवळजवळ सारखेंच. मग दुसरीची निवड ठरलेली. कोथिंबिरीची जुडी निवडतांना जो विचार करावयाचा तोच येथें. शिवाय त्या सहा नांवांत रोम, फ्लॉरेन्स, अथेन्स, व्हेनिस हीं नांवें आहेत ना, एवढें पाहिलें कीं चिकित्सा संपली. ज्या घरांत दोन हजारांचें पातळ घेतांना चार दुकानें पालथीं घातलीं जातात, त्याच घरांत कित्येक वर्षांची बचत खर्चून करावयाच्या प्रवासाचीं स्थळें अशा मोजदादीनें ठरावीं, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

प्रथम हीं नांवेंच तपासून पाहूं. रोम समुद्रकांठीं नाहीं; फ्लॉरेन्सही नाहीं. जहाज जेथें लागतें त्या बंदराचें नांव चिव्हितावेक्किया. रोम तेथून सुमारें सत्तर-ऐंशीं किलोमीटर आंत आहे. फ्लॉरेन्ससाठीं जहाज लिव्होर्नोस लागतें. तेथून फ्लॉरेन्स सुमारें नव्वद किलोमीटर. माहितीपत्रकांत 'रोम' ठळक अक्षरांत असतें व चिव्हितावेक्किया त्याखालीं बारीक टाइपांत. मुंबईच्या मनुष्याला 'पुणें' असें सांगून खोपोलीस उतरवावें आणि पुढचें तुम्ही पाहून घ्या म्हणावें, असाच हा प्रकार आहे.

आतां वेळेचा हिशेब करूं. जहाज सकाळीं सात वाजतां लागतें व सायंकाळीं सात वाजतां सुटतें असें धरूं. हे बारा तास झाले. उतरण्याची परवानगी मिळून हजारों प्रवाशांबरोबर बाहेर पडेपर्यंत एक तास. जहाज सुटण्यापूर्वीं अर्धा तास तरी परत आलेंच पाहिजे, आणि शहाणा मनुष्य पुरा एक तास हातचा राखतो; कारण कंपनीच्या सहलीनें गेलेल्यांसाठीं जहाज थांबतें, आपल्या आपण गेलेल्यांसाठीं थांबत नाहीं. रोमला जाण्यास मोटारीनें किंवा आगगाडीनें सव्वा ते दीड तास, येण्यास तितकाच. हातीं उरले सात तास. त्यांतून जेवणाचा तास वजा करा. कोलोसियमच्या दाराशीं व व्हॅटिकनच्या दाराशीं ज्या रांगा लागतात त्या वजा करा; हीं दोन स्थळें टायबर नदीच्या दोन बाजूंस आहेत, तेव्हां मधली वाहतूकही वजा करा. जें उरेल त्याला रोमचें दर्शन म्हणावयाचें असेल तर म्हणावें. आम्ही त्याला मोटारीच्या कांचेंतून पाहिलेलें रोम म्हणतों. आणि फ्लॉरेन्सच्या दिवशीं तर त्याच दिवसांत पिसाचा कलता मनोराही उरकावयाचा असतो!

या घाईंत दुहेरी नुकसान होतें. रोम हातीं लागत नाहीं तें लागतच नाहीं; पण ज्या बंदरावर आपण खरोखर उतरलों त्याच्याकडेही आपण ढुंकून पाहत नाहीं. चिव्हितावेक्कियाचें बंदर इ. स. च्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीं सम्राट ट्राजन यानें बांधविलें, आणि तें बांधलें जात असतांना धाकट्या प्लिनीनें आपल्या एका पत्रांत त्याचें वर्णन केलेलें आहे. लिव्होर्नो हें मेदिची घराण्यानें मुद्दाम वसविलेलें व्यापारी शहर. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, धर्मावरून माणसें जाळण्याच्या त्या काळांत, यहुदी, ग्रीक, आर्मेनियन, तुर्क अशा सर्व व्यापाऱ्यांना तेथें राहण्याचें आमंत्रण कायद्यानें देण्यांत आलें होतें. आमच्या प्रवाशांना हीं दोन्ही स्थळें केवळ मोटारतळ म्हणून ठाऊक असतात. हें उदाहरण अपवादात्मक नाहीं. १ ऑगस्ट १९२१ नव्हे, २०२१ पासून, म्हणजे अगदीं अलीकडे, २५,००० टनांहून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या सेंट मार्क चौकासमोरून व जुदेक्का कालव्यांतून जाण्यास बंदी झाली. तेव्हांपासून 'व्हेनिस' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक सफरींचीं जहाजें रॅव्हेना किंवा त्रिएस्त येथें लागतात, आणि तेथून व्हेनिस सुमारें दीडशें किलोमीटर आहे. रॅव्हेनांत सहाव्या शतकांतील सान व्हिताले मंदिर आहे, त्यांतील रंगीत दगडकांचांच्या चित्रांस जगांत तोड नाहीं. महाकवि दान्ते याची समाधिही त्याच गांवीं आहे. आणि आमचा प्रवासी पहाटे उठून, रॅव्हेनाकडे पाठ करून, व्हेनिसच्या गर्दींत तीन तास उभा राहण्यासाठीं मोटारींत बसतो! याला निवड म्हणत नाहींत. ही नांवाची भुरळ आहे.

आतां पूर्वपक्ष काय म्हणतो तें पाहूं. पहिला आक्षेप असा कीं, "आमच्यासारख्यांनीं आयुष्यांत एकदांच जावयाचें. मग जातांजातां जेवढें पाहून होईल तेवढें पदरांत पाडून घ्यावें, यांत चुकलें कोठें? देवळांत शिरतां आलें नाहीं तर वारकरी कळसाचें दर्शन घेऊन परततोच कीं नाहीं?" हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण वारकरी कळसाला नमस्कार करतो तो दोन-तीन आठवडे पायीं चालून आल्यावर. त्याचें दर्शन वाटेवरच घडलेलें असतें, कळस हा केवळ त्याचा शेवट. आमच्या प्रवाशाजवळ वाट नाहीं आणि कळसाखालचें देऊळही नाहीं. आहे फक्त कळसाचें छायाचित्र. शिवाय 'एकदांच जावयाचें' या विधानांतून निष्कर्ष नेमका उलट निघतो. ज्याला वरचेवर जाणें शक्य आहे त्यानें एखादा दिवस उधळावा. एकदांच जाणाऱ्यानें एकही दिवस मोटारींत घालवूं नये.

मग रोम पाहूंच नये काय? अवश्य पाहावें, पण जहाजाच्या मधल्या थांब्यांत पाहूं नये. पुष्कळशा सफरी चिव्हितावेक्किया, पिरीअस, जिनोआ किंवा बार्सिलोना येथूनच सुरू होतात वा तेथें संपतात. ज्या शहरावर आपलें खरें मन आहे तें सफरीच्या आरंभीं वा अखेरीस ठेवावें, जहाजाचे दिवस दोन-तीन कमी करावे, आणि ते दिवस त्या शहरांत साध्या खानावळींत राहून काढावे. सकाळीं सातला रिकामे रस्ते दिसतील, रात्रीं नऊला कारंज्याभोंवतीं बसलेलीं तेथलीं कुटुंबें दिसतील. मोठ्या शहराला पाहुण्याची ओळख पटावयास निदान एक रात्र तरी लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यांत परक्यांच्या हिताची भाषा आहे. "आम्ही गेलों तर त्या गांवांचें भलेंच होतें, चार पैसे त्यांच्या पदरीं पडतात," असें म्हणतात. ज्या गांवांचें भलें होतें म्हणून सांगण्यांत येतें त्या गांवांचें म्हणणें काय आहे? सांतोरिनी हें ग्रीसमधील ज्वालामुखीच्या कड्यावर वसलेलें बेट. वस्ती सुमारें पंधरा हजार. २०२३ सालीं तेथें सुमारें ८०० जहाजें येऊन गेलीं व त्यांतून तेरा लाखांच्या आसपास प्रवासी आले. मोठ्या जहाजांना धक्का नाहीं. प्रवाशांस लहान होड्यांतून जुन्या बंदरावर सोडतात. तेथून कड्यावरील फिरा गांवास जाण्यास तीनच मार्ग: दोराची गाडी, ५८८ पायऱ्या, नाहींतर बिचारें गाढव. चार-पांच जहाजें एकाच सकाळीं आलीं म्हणजे गाडीच्या रांगेंत दीड-दोन तास उभें राहून वर जावें आणि तितकाच वेळ खालीं येण्याच्या रांगेंत घालवावा, एवढेंच काय तें सांतोरिनीचें दर्शन. अखेर २०२५ सालापासून जहाजांनीं येणाऱ्या प्रवाशांवर दिवसाला आठ हजारांची मर्यादा घालावी लागली, आणि ऐन हंगामांत उतरणाऱ्या प्रत्येकावर वीस युरोंचा कर बसला.

डुब्रोव्हनिकची गोष्ट याहून बोलकी आहे. तटाच्या आंतील जुन्या गांवांत १९९१ सालीं पांच हजारांच्या आसपास माणसें राहत होतीं. आतां दीड हजारांच्या आसपास उरलीं आहेत. वाणी गेला, चांभार गेला, त्यांच्या जागीं स्मरणवस्तूंचीं दुकानें आलीं. मग राहणारा तरी कशासाठीं राहील? तेथील नगरपालिकेनें एका वेळीं दोन जहाजें व चार हजार प्रवासी अशी मर्यादा ठरवून घेतली. हेंच शहर १३७७ सालीं सांथीच्या भयानें बाहेरून येणाऱ्यांस तीस दिवस गांवाबाहेर थांबविण्याचा नियम करणारें पहिलें म्हणून इतिहासांत प्रसिद्ध आहे. त्या वेळीं भय रोगाचें होतें. आज आमच्यासारख्या पाहुण्यांचें आहे. आणि व्हेनिस? १९५१ च्या सुमारास त्या जुन्या शहरांत पावणेदोन लाख लोक राहत होते. आज पन्नास हजारही नाहींत.

जहाजावरच जेवून, जहाजावरच निजून, गांवांत चार तास पाय मोकळे करणारा प्रवासी गांवाला काय देतो? एक शीतपेय आणि एक चुंबक. रस्ते झिजतात, पाणी व कचरा यांचा भार पडतो, रहिवाशाला आपल्याच गल्लींतून वाट काढावी लागते. जो पाहुणा रात्रीं राहतो, बाजारांतून फळें घेतो, खानावळींत जेवतो, त्याची गोष्ट निराळी. ज्यांना हीं तीन स्थळें पाहण्याची तळमळ आहे त्यांनीं तीं हिवाळ्याच्या तोंडावर किंवा वसंताच्या आरंभीं, स्वतंत्रपणें, मुक्कामास राहून पाहावीं. यजमान दार अर्धें लावून उभा असतां आंत शिरण्यास आम्ही आमच्या घरीं असभ्यपणा म्हणतों. परगांवीं तोच शिष्टाचार कां लागू नसावा?

नुसतें खंडन करून थांबणें योग्य नव्हे. मग निवड करावी तरी कशी? आमच्या मतें कसोटी एकच आहे: जें बंदर स्वतःच पाहण्याजोगें शहर आहे, आणि जेथें जहाजावरून उतरल्यावर तासाभराच्या आंत आपण त्या शहरांत असतों, तें घ्यावें, जें केवळ दुसऱ्या शहराचें दार म्हणून विकलें जातें तें सोडावें. ही कसोटी लावली म्हणजे यादी लहान होते, पण दरिद्री होत नाहीं.

नेपल्स घ्या. जहाज लागतें तें थेट जुन्या किल्ल्यासमोर. पायऱ्या उतरलें कीं शहर. पॉम्पेई लोकल गाडीनें पाऊण तासाच्या आंतबाहेर. पण आम्ही महाराष्ट्रीय वाचकांस सांगूं कीं पॉम्पेई एक वेळ राहिलें तरी चालेल, नेपल्सचें पुरातत्त्व संग्रहालय चुकवूं नका. इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियसच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या त्या पॉम्पेईंतच १९३८ सालीं एक वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. ती हिंदुस्थानांत घडलेली आहे. 'पॉम्पेईची लक्ष्मी' या नांवानें ती ओळखली जाते, जरी कित्येक पंडित तिला यक्षी मानतात. जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें उत्खननांत निघालेल्या हस्तिदंती मूर्तीशीं तिचें साम्य विद्वानांनीं दाखविलें आहे. उलट, कोल्हापुरांत ब्रह्मपुरीच्या टेकाडांत सांपडलेली समुद्रदेव पोसायडन याची ब्राँझची मूर्ति तेथील टाउन हॉलमधील संग्रहालयांत उभी आहे. आमची यक्षी त्यांच्या बंदरांत, त्यांचा समुद्रदेव आमच्या पंचगंगेच्या कांठीं! कार्ल्याच्या लेण्यांतील खांबांवर यवन दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत तीं याच व्यवहाराचीं साक्षीदार. दोन हजार वर्षांपूर्वीं ज्या समुद्राशीं आमच्या तेर-पैठणचा माल जाऊन पोंचत होता, त्या समुद्रावर जाऊन ही एक वीतभर मूर्ति न पाहतां, मोटारीच्या खिडकींतून कोलोसियम पाहून परत यावें, हें आमच्या शिक्षणास शोभत नाहीं.

माल्टाची राजधानी व्हॅलेटा घ्या. १५६५ च्या वेढ्यानंतर दुसऱ्याच वर्षीं हें शहर बांधावयास घेतलें. जहाज दोन्हीकडच्या तटबंदींमधून आंत शिरतें, तो प्रवेशच पाहण्यासारखा. म्हणून त्या सकाळीं न्याहारी टाकून वरच्या मजल्यावर उभें राहावें. धक्क्याजवळून उंचवट्यावर नेणारा पाळणा आहे, त्यामुळें गुडघे दुखणाऱ्यांचीही सोय होते. तेथील सेंट जॉनच्या मंदिरांत काराव्हाज्जोनें १६०८ सालीं काढलेलें भव्य चित्र आहे. त्यानें स्वतःची सही केलेलें हें एकमेव चित्र. सारें शहर चार तासांत पायीं होतें, आणि चार तासच आपल्यापाशीं असतात.

पालेर्मो घ्या. धक्क्यावरून चालत गांवांत जातां येतें. बाराव्या शतकांत नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या दरबारांत लॅटिन, ग्रीक व अरबी अशा तिन्ही भाषांत कारभार चाले. त्याच्या राजवाड्यांतील प्रार्थनामंदिरांत ख्रिस्ताच्या सोनेरी चित्रांवर छत आहे तें अरबी कारागिरीचें. भूगोलवेत्ता इद्रिसी यानें ११५४ सालीं आपला ग्रंथ पुरा केला तो याच राजासाठीं. आणि मार्सेय? तेथें धक्का जुन्या बंदरापासून थोडा लांब आहे खरा. तरी शहर एकच आहे. माहितीपत्रकांत तें 'प्रोव्हान्सचें दार' असतें व प्रवाशांना एक्स किंवा आव्हिन्योंकडे पिटाळलें जातें. याच बंदरांत ८ जुलै १९१० रोजीं सावरकरांनीं 'मोरिया' बोटींतून समुद्रांत उडी घेतली, आणि त्या अटकेचा खटला हेगच्या लवादापुढें जाऊन १९११ सालीं निकाल लागला. १९१४ च्या सप्टेंबरांत हिंदी पलटणी फ्रान्सच्या रणभूमीकडे जाण्यासाठीं याच किनाऱ्यावर उतरल्या. त्यांतील कांहींचीं नांवें शहराच्या माझार्ग येथील युद्धस्मशानांत कोरलेलीं आहेत. मराठी मनुष्यानें मार्सेयला उतरून लॅव्हेंडरच्या पिशव्या तेवढ्या आणाव्या काय?

हीच कसोटी दुसऱ्या बाजूनेंही प्रामाणिकपणें लावली पाहिजे. पिरीअस हें अथेन्सचें दार आहे. पण अथेन्स तेथून दहा-बारा किलोमीटरच असून भुयारी रेल्वेनें अर्ध्या तासांत गांठतां येतें, तेव्हां तें घ्यावें. तुर्कस्तानांतील कुशादासी हेंही दार; परंतु एफिससचे अवशेष वीसएक किलोमीटरांवर आहेत, व एका सकाळीं ते नीट पाहून होतात. एफिसस तर स्वतःच एके काळचें बंदर. नदीच्या गाळानें खाडी भरत गेली, समुद्र मागें हटला, आणि वैभवी नगराचा बाजार उठला. आज बंदराकडे जाणारा संगमरवरी रस्ता शेतांत जाऊन संपतो. मात्र ग्रीसमधून तुर्कस्तानांत जाऊन पुनः ग्रीसमध्यें यावयाचें असल्यास युरोपचा परवाना एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हें निघण्यापूर्वींच पाहून घ्यावें.

म्हणून आमचें सांगणें असें आहे कीं, पैसे भरण्यापूर्वीं कंपनीच्या कारकुनाला चार प्रश्न विचारावे. जहाज नक्की कोणत्या बंदरास लागणार? धक्क्यापासून शहर किती दूर? प्रत्यक्ष उतरल्यापासून परत येईपर्यंत तास किती? आणि त्या दिवशीं त्या बंदरांत आणखी किती जहाजें असणार? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर कारकून बहुधा देणार नाहीं; पण बऱ्याच बंदरांचीं वेळापत्रकें आगाऊ प्रसिद्ध होतात, आणि घरांतील कॉलेजांत जाणारी मुलगी तीं पांच मिनिटांत शोधून देईल. या चार उत्तरांवरून जी यादी उरेल तींत सहाऐवजीं चार बंदरें असतील. असूं द्यावीं. एखादा दिवस नुसता समुद्रावर जाईल. तोही जाऊं द्यावा.

कोणी म्हणेल, हें सारें तरुणांसाठीं ठीक. म्हाताऱ्यांचें व मुलाबाळांचें काय? त्यांना जहाजाइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाहीं, हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. सामान रोज बांधावें लागत नाहीं, खोली बदलावी लागत नाहीं, थकलेल्या मनुष्यास दुपारीं परत येऊन पडतां येतें. परंतु हा लाभ कोणत्या बंदरांत मिळतो? जेथें जहाज गांवाच्या पायथ्याशीं उभें आहे तेथें. चिव्हितावेक्कियाहून सत्तर किलोमीटरांवर असलेल्या वृद्ध मातेला दुपारीं परत येऊन पडतां येत नाहीं; तिला सायंकाळपर्यंत उन्हांत निशाणवाल्या वाटाड्यामागें चालावें लागतें. जहाजाचा जो खरा गुण, तोच बंदरांच्या या मोजदादीनें मारला जातो.

परत आल्यावर लोक विचारणार, "काय काय पाहिलेंत?" या प्रश्नाच्या धाकानेंच आमचे निम्मे प्रवास ठरतात. शेजारणीनें सहा बंदरें केलीं म्हणून आपण सात करावीं. नातेवाइकांनीं रोम केलें म्हणून आपलेंही रोम 'झालें' पाहिजे. ज्यांनीं मुलांना परीक्षेंतील गुणांपलीकडेही विद्या असते असें शिकविलें, त्यांनीं स्वतःच्या उतारवयांत असे गुण मिळवीत फिरूं नये, इतकेंच आमचें मागणें आहे. पुढील हंगामाचीं माहितीपत्रकें लवकरच घरोघर येतील. त्यांतील ठळक अक्षरें सोडून बारीक टाइप वाचण्यास वाचकांनीं आरंभ करावा.